मागचा कॉक उघडा राहिला

गुरुवार, २९ ऑक्टोबर २००९. कार्तिकी एकादशी. पंढरपुरात चंद्रभागेचे वाळवंट वारकऱ्यांनी फुललेले. जयपुरात त्याच तिथीला देवउठनी ग्यारस म्हणतात, आणि तिकडच्या लग्नसराईचा तो पहिला दिवस. शहराच्या दक्षिणेला सीतापुरा औद्योगिक वसाहत आहे. तिथे इंडियन ऑइलचा मोठा साठवण डेपो होता: पेट्रोल, डिझेल आणि रॉकेलच्या अकरा टाक्या, शेजारी कारखाने, कॉलेजे, वसतिगृहे. त्या संध्याकाळी डेपोत एक रोजचेच काम होते. टाकीच्या नळीवरचा एक जोड उघडायचा, फिरवायचा आणि पुन्हा बंद करायचा.

जयपूरची ही हकिगत नंदगडच्या वाचकांसाठी का मांडायची? परदेशात असते तशी घर तापवायला तेलाची टाकी आपल्याकडे नसते. खानापूर तालुक्यात थंडी पडली की न्हाणीजवळ बंब पेटतो, त्यात लाकडे जातात, एवढाच आपला तापवण्याचा कारभार. पण टाकी, तिला जोडलेली नळी आणि मधला कॉक या तीन वस्तू आता आपल्याही घरी आल्या आहेत. ओट्याखाली गॅसचा सिलिंडर, न्हाणीत गॅस गिझर, दुकानामागे जनरेटरला डिझेल पुरवणारी टाकी. यांपैकी कुठलाही जोड गळायला लागला की आपण पान्हा घेतो आणि बसतो. सीतापुऱ्यात माणसे जिथे चुकली, तिथेच आपणही चुकू शकतो. फरक फक्त टाकीच्या आकाराचा.

संध्याकाळी सुमारे ५.५०. स्फोटाला १०० मिनिटे.

सूर्य नुकताच मावळलेला. वारा जवळजवळ नाहीच. शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या डेपोला नळीवाटे रॉकेल आणि पेट्रोल पाठवायचे होते. पाळीवर मोजकी माणसे: एक अधिकारी आणि त्याच्या हाताखालचे ऑपरेटर. त्यांतला एक त्या वेळी डेपोत नव्हता. रॉकेलच्या टाकीची जोडणी आधी झाली. मग पेट्रोलच्या ४०१-ए या टाकीकडे मोर्चा वळला.

पुढचे सगळे त्या नळीच्या रचनेवर अवलंबून आहे, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी. टाकीतून बाहेर पडणाऱ्या नळीवर ओळीने तीन अडसर होते. टाकीला लागून विजेच्या मोटरीवर चालणारा व्हॉल्व. त्याच्या पुढे ‘हॅमर ब्लाइंड’. आणि त्याच्याही पुढे हाताने फिरवायचा व्हॉल्व. हॅमर ब्लाइंड म्हणजे नळीच्या मधोमध बसणारी जाड लोखंडी चकती. तिचा एक भाग भरीव, दुसऱ्या भागाला नळीएवढे भोक. भरीव भाग आत असला की तेलाचा थेंबही पुढे जात नाही, भोकाचा भाग आत आला की वाट मोकळी. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या गाळ्यात फळी घालतात-काढतात, तसाच हा प्रकार. पाणी अडवण्याची खात्री फळीइतकी दुसऱ्या कशाची नाही, पण ती बदलताना गाळा क्षणभर उघडाच असतो.

हॅमर ब्लाइंडचेही तेच आहे. चकती बदलायची तर वरचे झाकण मोकळे करावे लागते, आणि तेवढा वेळ नळीला वरून भलेमोठे तोंड पडलेले असते. म्हणून क्रम ठरलेला. मोटरीचा व्हॉल्व बंद आहे ना, ते आधी पाहायचे. पुढचा हाताचा व्हॉल्वही बंद हवा. मग चकती फिरवायची, झाकण घट्ट करायचे, पुढचा व्हॉल्व उघडायचा आणि सगळ्यांत शेवटी टाकीचा. टाकीकडचा कॉक शेवटी, हा त्या क्रमाचा जीव.

सुमारे ६.१०. स्फोटाला ८० मिनिटे.

चकतीचे तोंड उघडे होते, आणि मागचा मोटरीचा व्हॉल्व बंद नव्हता. तो आधीपासूनच उघडा राहिला होता की मध्येच उघडला गेला, हे सांगू शकला असता तो माणूस त्या संध्याकाळी वाचला नाही. टाकीत पेट्रोलचा उंच स्तंभ उभा. त्याच्या सगळ्या दाबानिशी पेट्रोलचा फवारा वर उसळला.

जोडावर काम करणारा ऑपरेटर क्षणात नखशिखांत भिजला. पेट्रोलची वाफ नाकातोंडात गेली की माणसाला आधी भोवळ येते, मग शुद्ध हरपते. तो तिथेच अडकला. त्याला ओढून काढायला दुसरा ऑपरेटर धावला, तोही भिजला आणि वाफेत कोसळला. मग अधिकारी धावला. तोही भिजला, पण कसाबसा बाहेर आला आणि अर्धवट शुद्धीत त्याला दवाखान्यात न्यावे लागले.

पाच-दहा मिनिटांत व्हॉल्वांची माहिती असलेली सगळी माणसे बाद झाली. पहिल्याला वाचवायला धावलेला दुसरा माणूस गेला, यात मला त्याची चूक दिसत नाही. सोबतीला पडलेले पाहून कुणीही धावेल. पण अशा वाफेत शिरायचे तर पाठीवर हवेचे नळकांडे आणि तोंडावर मुखवटा लागतो. ही साधने त्या वेळी हाताशी नव्हती. विहिरीत विषारी वायू साठलेला असतो, एक उतरतो आणि बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो. आपल्याकडे एका घरातले दोन-तीन जीव असे जातात, ते याच कारणाने.

६.३०. स्फोटाला एक तास.

पेट्रोल वाहतेच आहे. पुढे झालेल्या चौकशीत गळती सुमारे हजार टन धरली गेली. ८० मिनिटांवर सरासरी काढली तर मिनिटाला बारा टनांहून जास्त. रस्त्यावर दिसणारा १२ हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तशा एका अख्ख्या टँकरहून जास्त पेट्रोल दर मिनिटाला जमिनीवर ओतले जात होते.

टाक्यांभोवती बांध घातलेला असतो, तो अशाच प्रसंगासाठी. टाकी फुटली तरी तेल बांधाच्या आत अडावे. पण बांधाला पावसाचे पाणी काढून देण्यासाठी मोरी असते आणि मोरीला व्हॉल्व. तो बंद ठेवायचा, पाणी काढण्यापुरताच उघडायचा. तो व्हॉल्वही उघडा होता. पेट्रोल बांधातून पावसाच्या गटारात गेले आणि गटाराच्या वाटेने डेपोभर पसरले. एका संध्याकाळी दोन व्हॉल्व नको तेव्हा उघडे, हा मला योगायोग वाटत नाही. जिथे रोज एक छोटी गोष्ट चालवून घेतली जाते, तिथे दुसरीही चालवून घेतली जाते.

एक गोष्ट अजूनही करता आली असती. मागचा व्हॉल्व मोटरीचा होता. दूर नियंत्रण कक्षात बसून कळ दाबली की तो मिटावा, अशी सोय मुळात होती. ती २००३ पासून बंद पडलेली होती. सहा वर्षे. या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त छळते ती हीच ओळ. ती कळ चालू असती तर वाफेत न शिरता, कुणाचाही जीव धोक्यात न घालता, गळती काही मिनिटांत थांबली असती. दोन माणसे पडली होतीच, पण बाकीची वाचली असती.

७.००. स्फोटाला अर्धा तास.

या अर्ध्या तासात डोळ्यांना दिसण्यासारखे फारसे घडत नव्हते, आणि तिथेच धोका होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते, खड्ड्यात, गटारात, जिन्याखाली साचते. वारा असता तर विरळ झाली असती, पण त्या संध्याकाळी वारा नव्हता. हवेत वाफेचे प्रमाण साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असले की ती पेटू शकते. डेपोच्या आवारात आता एवढ्या प्रमाणाचा ढग पसरला होता. एका ठिणगीचा अवकाश होता.

वास दूरवर जात होता. लोकांना कळत होते की काहीतरी गळते आहे. पण ही वाफ उघड्यावर पेटली तर भडका उडेल, स्फोट होणार नाही, अशी समजूत या धंद्यात अनेक वर्षे होती. ती खोटी ठरून चार वर्षे होत आली होती. इंग्लंडमध्ये बन्सफिल्डच्या डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे टाकी भरत असताना पातळीचा काटा अडकला, ५.३७ च्या सुमारास पेट्रोल वरून वाहू लागले आणि ६.०१ ला स्फोट झाला. रविवारची पहाट असल्याने तिथे कुणी दगावले नाही. आणि सीतापुऱ्याच्या जेमतेम सहा दिवस आधी, २३ ऑक्टोबर २००९ ला, पोर्तो रिकोतल्या बायामोनच्या डेपोत तसेच पेट्रोल टाकीतून वाहिले, तसाच ढग झाला, तसाच स्फोट झाला. जगाला धडा मिळाला होता. तो जयपूरच्या त्या पाळीपर्यंत पोहोचला नव्हता.

सुमारे ७.३०.

ठिणगी नेमकी कुठे पडली, याबद्दल चौकशीने दोन शक्यता सांगितल्या. एक म्हणजे कार्यालयाच्या इमारतीतली साधी विद्युत उपकरणे, ठिणगी बाहेर पडू न देण्याची रचना नसलेली. दुसरी म्हणजे आवारात कुणीतरी सुरू केलेले वाहन. दोन्ही गोष्टी रोजच्या, कुणीही सहज करावे अशा. ढग एकदम पेटला. चौकशीच्या हिशेबाने तो दणका सुमारे २० टन टीएनटीच्या तोडीचा होता. दोन-दोन किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. भूकंपमापकावर नोंद झाली. अकरापैकी नऊ टाक्या लगेच पेटल्या, उरलेल्या दोन नंतर.

अकरा माणसे गेली. सहा डेपोची, पाच बाहेरची. त्या पाच जणांनी कुठल्या व्हॉल्वला कधी हात लावलेला नव्हता.

त्यानंतरचे ११ दिवस.

आग विझवण्याची डेपोतली यंत्रणा पहिल्याच दणक्यात निकामी झाली होती. एवढ्या टाक्या एकाच वेळी पेटलेल्या, जवळ जाणे अशक्य. शेवटी तेल संपेपर्यंत जळू द्यायचे ठरले. सुमारे ६० हजार किलोलिटर इंधन अकरा दिवस जळत राहिले. वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या. नुकसान सुमारे २८० कोटींचे.

केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. लाल हे हिंदुस्थान पेट्रोलियमचे माजी अध्यक्ष, म्हणजे या धंद्यातलाच जाणता माणूस. समितीने तात्कालिक कारण सांगितले: व्हॉल्व उघडण्या-मिटण्याचा क्रम पाळला गेला नाही, आणि हॅमर ब्लाइंडच्या रचनेत काम चालू असताना वरून मोठे तोंड उघडे राहते. पण समिती तिथे थांबली नाही, याचे मला मोल वाटते. सगळा दोष मेलेल्या ऑपरेटरच्या माथी मारून फाइल मिटवणे सोपे होते. अहवालाने मुळाशी हात घातला: त्या जागेपुरती लिहून ठेवलेली कामाची पद्धत नव्हती, गळती दुरून थांबवण्याची सोय चालू नव्हती, आणि काय होऊ शकते याची समज अपुरी होती. अशा रचनेचा व्हॉल्वच वापरू नये, असेही समितीने सांगितले.

आता आपला पान्हा.

परदेशात ज्यांची मुले आहेत त्यांना घरगुती तेलाच्या टाक्या माहीत असतील. अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्सकडे, कित्येक जुन्या घरांच्या तळघरात २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरच्या थोडी वरची, तेलाची टाकी असते आणि तिच्यातून तांब्याची बारीक नळी भट्टीकडे जाते. त्या नळीवर टाकीजवळ एक कॉक बसवतात, त्यात कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूचा तुकडा असतो. तळघरात आग लागली तर साधारण ७४ अंशांना तो तुकडा वितळतो, स्प्रिंग सुटते आणि कॉक आपोआप मिटतो. कुणाला धावावे लागत नाही. सीतापुऱ्यात नेमके हेच नव्हते. तिकडच्या नियमांत तेलाच्या नळीला नुसते दाबून बसवायचे जोड चालत नाहीत, नळीचे तोंड पसरवून पक्का जोड करावा लागतो, कारण दाबलेला जोड थरथरीने सैल होतो. आणि एक चूक तिकडे वारंवार होते: घरमालक टाकी काढून टाकतो, पण भिंतीबाहेरचे तेल भरण्याचे तोंड तसेच ठेवतो. टँकरवाला चुकून तिथे नळी लावतो आणि तेल थेट तळघरात. पुढे काय आहे ते न पाहता उघडलेली वाट.

आपल्याकडे दुकानामागच्या डिझेलच्या टाकीचा जोड गळत असेल तर पद्धत अशी. आधी टाकीला लागून असलेला कॉक बंद करायचा. तो बंद आहे हे कुणाच्या तोंडून ऐकून चालत नाही, स्वतः हात लावून बघायचे. असा कॉकच नसेल तर टाकी रिकामी केल्याशिवाय जोडाला हात नाही, आणि दुरुस्तीतले पहिले काम तो कॉक बसवण्याचे. मग जनरेटर थंड होऊ द्यायचा, बॅटरीची तार सोडायची, जोडाखाली भांडे ठेवायचे. नळीत उरलेले तेल त्यात पडू द्यायचे: कॉक खरोखर मिटला असेल तर धार थोड्या वेळात थांबते, नाही थांबली तर कॉक आतून गेलेला आहे आणि काम तिथेच थांबवायचे. ही धार म्हणजे फुकटची परीक्षा आहे, ती घाईत कुणी चुकवू नये.

जोड सोडताना दोन पान्हे हवेत. एकाने टाकीकडचा नट धरून ठेवायचा, दुसऱ्याने पुढचा फिरवायचा. एकाच पान्ह्याने जोर लावला की सगळा पीळ टाकीच्या तोंडावर जातो आणि तिथला सांधा तडकतो. जुना वायसर पुन्हा घालायचा नाही, तो एकदा दबला की त्याचे काम संपले. पाण्याच्या नळाला लावतात तो रबरी वायसर डिझेलमध्ये फुगतो, तेलाला चालणाराच मागून घ्यायचा. आट्यांवरही तेलाला टिकणारे लेपण लागते. आणि रिकामी टाकी वेल्डिंगला देऊ नये, निदान पूर्ण धुऊन, हवा खेळवून, जाणकाराने तपासल्याशिवाय तर नाहीच. तेल नसले तरी आत वाफ असते, आणि बंद पिंपात पेटलेली वाफ झाकणासकट माणूस उडवते.

गॅसचे याहून कडक आहे, कारण सिलिंडरमधला द्रवरूप गॅस गळताच वायू होतो आणि तोही हवेपेक्षा जड असतो. पेट्रोलच्या वाफेसारखाच ओट्याखाली, उंबऱ्याशी, न्हाणीच्या मोरीत साचतो. नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलावी. तिच्यावर मुदत छापलेली असते, उद्या सकाळी चहा ठेवताना वाचून बघा. मध्ये जोड देऊन लांब केलेली नळी नको. नळी किंवा रेग्युलेटर बदलल्यावर काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगावे. साबणाचे दाट पाणी बोटाने जोडावर लावा. गळती असेल तर एक बारीक बुडबुडा उठतो, फुगतो, फुटतो, लगेच त्याच जागी दुसरा उठतो. तो जोड नीट होईपर्यंत शेगडी नाही. गॅस गिझर तर कोंडलेल्या न्हाणीत नसावाच. त्याच्या ज्वाळेतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. चालू करायचा नाही तसा बंदही करायचा नाही, दोन्हींत ठिणगी आहे. पंख्याचेही तेच. हाताला आला तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि अंगणापलीकडे गेल्यावरच फोन काढा. गळतीसाठी देशभर एकच क्रमांक आहे, १९०६, रात्रंदिवस चालू. आत कुणी बेशुद्ध पडलेले असेल तर वाऱ्याची वाट होईपर्यंत आत शिरू नका. हे लिहिताना मला जड जाते आणि ऐकणाऱ्यालाही जाईल, पण सीतापुऱ्याचा दुसरा ऑपरेटर याच एका गोष्टीपायी गेला.

नंदगडात, खानापुरात, बेळगावात तुमच्या घरी फिटर आला की तो पान्हा लावण्याआधी त्याला विचारा: मागचा कॉक कुठे आहे, आणि तो बंद झालाय का? तो ‘झालाय’ म्हणाला तरी उठा, जा आणि स्वतः फिरवून बघा. कॉक सापडत नसेल किंवा फिरत नसेल, तर त्या दिवशी जोड उघडू देऊ नका.